चेनला कोणतं ऑईल घालायचं? आधी चेन कोणती अन् रस्ता कसला ते बघा

सर, तुमचा प्रश्न असा की गाडी १२५ सीसीची, अंबाजोगाईहून केजच्या बाजूच्या शाळेत जाऊन-येऊन रोजचे ६० किलोमीटर, रस्त्याचं काम चालू असल्यामुळं निम्मी वाट मुरूम आणि फुपाटा, आणि चेनसेट, म्हणजे चेन आणि तिची दोन दातेरी चाकं, १२ हजार किलोमीटरातच गेला. आता नवीन सेट टाकलाय तर गॅरेजवाला म्हणतो कव्हरमधे ग्रीस भरून ठेवा, शेजारचे म्हणतात सर्व्हिसिंगचं काळं ऑईल ओतत जा फुकटात काम होतंय, दुकानदार स्प्रेचा डबा पुढं करतोय, आणि धाकट्या भावानं ३५० सीसीची गाडी घेतली तिची चेन जरा वेगळी दिसते तर तिलाही हेच चालेल का.

आधी थेट सांगतो, मग कारणं. तुमच्या गाडीला ९० नंबरचं गिअर ऑईल वापरा, म्हणजे डब्यावर ईपी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० लिहिलेलं असतं ते, कुठल्याही नावाजलेल्या कंपनीचं. थोडं थोडं लावा, दर ४००-५०० किलोमीटरला लावा म्हणजे तुमचा साधारण आठवडा झाला, आणि लावल्यावर चेन कोरड्या फडक्यानं पुसून काढा. हे पुसणंच लोक करत नाहीत आणि आपल्याकडच्या धुळीत चेन त्यापायीच जाते. भावाच्या गाडीला चेनचा स्प्रे आणा किंवा हेच गिअर ऑईल चालतं, पण तिला पेट्रोल आणि तारेचा ब्रश लावू नका. ग्रीस नको, काळं ऑईल तर अजिबात नको.

आता असं का ते सांगतो, कारण कारण कळलं की कोण काय म्हणतंय त्याच्यातलं काय घ्यायचं ते तुम्हालाच ठरवता येईल.

चेन वरून बघितली की नुसत्या पट्ट्या आणि रोलर दिसतात. खरी झीज होते ती आत. बाहेरच्या दोन पट्ट्यांना जोडणारी पिन असते, आतल्या दोन पट्ट्यांमधे एक नळी असते तिला बुश म्हणतात, पिन त्या बुशातून जाते आणि बुशावर रोलर फिरतो. चेन स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चाकावर, वळताना पिन बुशात घासते, आणि रोलर बुशावर घासतो. म्हणजे तेल पाहिजे ते पिन आणि बुशाच्या मधे, आणि बुश आणि रोलरच्या मधे. वरून चेन कितीही चमकली, काळी-ओली दिसली, पण आत तेल गेलंच नाही तर त्या चमकण्याचा काडीचा उपयोग नाही. आणि लोक "चेन ताणली" म्हणतात तेव्हा पट्टी काही रबरासारखी ताणली जात नाही, पिन आणि बुश झिजून प्रत्येक कडी जराजरा सैल होते आणि सगळ्या मिळून चेन लांब होते.

हिशोब करून बघा. तुमच्यासारख्या गाडीला ४२८ नंबरची चेन असते, तिच्यात एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंत अंतर १२.७ मिलिमीटर, म्हणजे अर्धा इंच. समजा चेन ११२ कड्यांची, पुढचं स्प्रॉकेट १४ दात, मागचं ४२. अठरा इंची चाकाला चेनचा एक पूर्ण फेरा म्हणजे गाडी साधारण ५ मीटर पुढं जाते. रोजच्या ६० किलोमीटरला १२ हजार फेरे झाले. एका फेऱ्यात प्रत्येक कडी चार वेळा वाकते किंवा सरळ होते, पुढच्या स्प्रॉकेटवर चढताना, उतरताना, मागच्यावर चढताना, उतरताना. म्हणजे एकेक पिन रोज ४८ हजार वेळा घासते, त्यातली निम्मी वेळ तर पूर्ण ओढ असताना. आणि प्रत्येक जोडात फक्त ०.१ मिलिमीटर झीज झाली, कागदाच्या जाडीएवढी, तरी ११२ कड्यांची मिळून चेन ११ मिलिमीटर लांब झाली. सगळा खेळ एवढ्या बारीक झिजेचा आहे, म्हणून आत धूळ जाणं एवढं महाग पडतं.

आपल्याकडची धूळ पण नुसती धूळ नसते. रस्त्याच्या कामावर खडीची कच असते, क्रशरची डस्ट असते, ती सगळी बेसाल्टची, कडक. ही कच चिकट तेलात बसली की जे तयार होतं ते व्हॉल्व्ह घासायला आम्ही वापरतो त्या ग्राइंडिंग पेस्टसारखंच होतं. पेस्ट ज्या कामाची आहे तेच काम ती करणार, लोखंड खाणार. म्हणून पुण्या-मुंबईच्या डांबरी रस्त्यावर फिरणारा माणूस चेनला जेवढं तेल लावतो तेवढं लावून आपल्याकडं चालत नाही. आतमधे तेल पाहिजे, बाहेरून चेन जवळजवळ कोरडी पाहिजे. मी जे काही पुढं सांगतोय ते सगळं ह्या एका गोष्टीसाठी आहे.

ग्रीसचं बघा आता. ग्रीस वाईट नाही, ओ-रिंगच्या चेनमधे कंपनी आत ग्रीसच भरते, पण ते जोडणी करतानाच आत जातं आणि रबरी रिंगनं बंद होतं. तुम्ही वरून बोटानं ग्रीस फासलं तर ते पट्टीच्या फटीतून पिनपर्यंत जातच नाही, घट्ट असतं ना ते. बाहेरच बसून राहतं आणि सगळा मुरूम गोळा करतं. जुने मेस्त्री चेन धुऊन, वाळवून, ग्रीस डब्यात वितळवून त्यात चेन बुडवून ठेवायचे. ती पद्धत चुकीची नव्हती, गरम ग्रीस पातळ होऊन आत शिरायचं आणि गार झाल्यावर तिथंच बसायचं, शेवटी बाहेरचं पुसूनही काढायचे. पण ते चेन काढून करायचं काम, आग लागायची भीती, आणि ओ-रिंगच्या चेनला तर करायचंच नाही, रिंगा खराब होतात. कव्हरमधे मूठभर ग्रीस ढकलायची आजची पद्धत म्हणजे त्या जुन्या कामाची नुसती नक्कल आहे.

काळं ऑईल. हे फार चालतं आपल्या भागात, आणि मला त्याची खरंच चीड येते कारण गरीब माणूस पैसे वाचवायला जातो आणि चेनसेटचे पैसे घालवून बसतो. इंजिनातून निघालेल्या ऑईलमधे काजळी असते, लोखंडाचा आणि क्लच प्लेटचा बारीक चुरा असतो, जळून तयार झालेलं आम्ल असतं. जे इंजिनाला नको म्हणून काढलं ते चेनच्या बुशात कशाला घालायचं? शिवाय ते पातळ झालेलं असतं, चाक फिरलं की रिमवर आणि टायरवर उडतं, टायरच्या कडेला तेल लागलं आणि वळणावर गाडी झोपवली की घसरलीच समजा. हातालाही ते चांगलं नाही, वापरलेल्या इंजिन ऑईलमधे त्वचेच्या कॅन्सरला कारण होणारे घटक असतात, गॅरेजच्या पोरांनी तरी रोज उघड्या हातानं त्यात काम करू नये. नवं इंजिन ऑईल मात्र अडीअडचणीला चालतं, रस्त्यात चेन कोरडी करकरायला लागली आणि दुसरं काही मिळेना तर चार थेंब टाका, फक्त ते लवकर उडून जातं हे लक्षात ठेवा.

घरातलं खायचं तेल घालणारेपण बघितलेत. करडईचं तेल तर कधीच नको, ते हवेनं सुकून त्याचा चिवट थर होतो आणि कड्या अडकायला लागतात. शेंगदाण्याचं, खोबऱ्याचं पण ह्या कामाचं नाही.

डब्ल्यूडी-४० बद्दल पण लोक हमखास विचारतात, म्हणून सांगून टाकतो. त्याचा निळा-पिवळा नेहमीचा डबा पाणी हटवायला आणि गंज सोडवायला आहे, साफ करायला चांगला आहे, पण त्याच्यामागं तेलाचा जो थर राहतो तो चेनची ओढ सांभाळण्याइतका नसतो. त्यानं चेन पुसली तर नंतर गिअर ऑईल किंवा चेनचा स्प्रे लावावाच लागतो. ते लावून "चेनला ऑईल केलं" म्हणून सोडून दिलं तर चेन उलट कोरडी पडते.

आता गिअर ऑईल का. ते पातळही नाही आणि ग्रीससारखं घट्टही नाही, फटीतून आत ओढलं जातं आणि आत टिकतं. त्याच्यात जास्त दाबाखाली लोखंड लोखंडाला घासू नये म्हणून गंधक-फॉस्फरसचे घटक घातलेले असतात, ईपी म्हणजे तेच. कितीतरी गाड्यांच्या मॅन्युअलमधे चेनसाठी एसएई ८० किंवा ९० गिअर ऑईलच लिहिलंय, तुमचं मॅन्युअल घरात कुठंतरी पडलेलं असेल ते काढून बघा. आणि स्वस्त पडतं, एका वेळेला १० मिलीच्या वर लागत नाही म्हणजे एक लिटरचा डबा शंभर वेळेला पुरतो. तोटा एकच, थोडं उडतं, म्हणून पुसायचं.

स्प्रेच्या डब्यात काय असतं तर तेल, त्याला चिकटपणा देणारा घटक, आणि हे सगळं पातळ करून आत नेणारं सॉल्व्हंट. सॉल्व्हंट उडून जातं आणि मागं चिकट थर राहतो. म्हणून स्प्रे मारल्या मारल्या गाडी पळवली तर तो थर बसायच्या आधीच सगळा रिमवर जातो. रात्री मारा, सकाळी निघा. स्प्रेमधे पण प्रकार आहेत, रोडचा चिकट असतो, ऑफरोडचा कमी चिकट, आणि मेणाचा म्हणजे वॅक्सचा असतो तो वाळल्यावर कोरडा राहतो. मार्च ते मेच्या फुपाट्यात वॅक्सचा प्रकार चांगला, धूळ कमी धरतो, पण तो पावसात लवकर धुतला जातो आणि लावावाही लवकर लवकर लागतो. पावसाळ्यात चिकट प्रकार चांगला. दुकानात गेल्यावर डब्यावर कुठल्या कामाचा ते वाचा, नुसतं कंपनीचं नाव बघून घेऊ नका. तुमच्या साध्या चेनला स्प्रेवर पैसे घालायची गरज मला वाटत नाही, भावाच्या गाडीला सोयीचा पडेल.

तुमची चेन साधी का ओ-रिंगची हे ओळखायचं सोपं आहे, चेन वरून बघायची, आतल्या आणि बाहेरच्या पट्टीच्या मधल्या बारीक फटीत काळी रबरी रिंग दिसली तर ती ओ-रिंगची किंवा एक्स-रिंगची. भावाच्या गाडीला तीच असणार. १००-१२५ सीसीच्या गाड्यांना बहुतेक साधी असते.

लावायची पद्धत आता नीट सांगतो कारण माल बरोबर असून पद्धत चुकली की काही उपयोग नाही. शाळेतून आल्यावर करा, चेन कोमट असते तेव्हा तेल आत लवकर जातं. परभणीकडं थंडीत पारा १० च्या खाली येतो तेव्हा गार चेनवर हे ऑईल नुसतं वर बसून राहतं, म्हणून गाडी चालवून आल्यावरच. डबल स्टँडवर लावा, गाडी न्यूट्रलला, इंजिन बंद, चावी खिशात. इंजिन चालू करून गिअर टाकून चाक फिरवत चेनला कपडा धरणारे मेस्त्री तुम्ही बघितले असतील, मी हात जोडून सांगतो असं करू नका. कपडा ओढला जातो आणि त्याच्यामागं बोट स्प्रॉकेटमधे जातं, क्षणात तुटतं. चाक हातानंच फिरवायचं.

आधी सफाई. दर वेळेला धुवायची गरज नाही, नुसतं कोरड्या फडक्यानं घट्ट धरून पुसली तरी निम्मी घाण येते. महिना-दीड महिन्यानं किंवा चिखलातून आल्यावर मात्र रॉकेलनं धुवायची, आता रॉकेल सहज मिळत नाही तर डिझेल घ्या, वाटीभर पुरतं. जुना दातांचा ब्रश किंवा कपड्याचा प्लॅस्टिकचा ब्रश घेऊन चारी बाजूंनी घासा, खाली पुठ्ठा ठेवा म्हणजे अंगण खराब होत नाही. डिझेल वापरलं तर ते मागं तेलकट राहतं, म्हणून पुसून तासभर वाळू द्या. पेट्रोल नको, साध्या चेनमधलं आतलं तेल सगळं धुऊन नेतं आणि आगीची भीती वेगळीच, ओ-रिंगच्या चेनचं तर रबर खराब करतं.

मग तेल. मेडिकलमधून १० मिलीची सिरिंज आणा, सुई नको, जनावरांना औषध पाजायची असते ती पण चालते. चेनचा खालचा भाग असतो त्याच्या आतल्या बाजूनं, म्हणजे जी बाजू स्प्रॉकेटच्या दाताला लागते तिथून, प्रत्येक कडीच्या दोन्ही पट्ट्यांच्या फटीत एकेक थेंब. आतून का तर चाक फिरलं की तेल बाहेरच्या दिशेनं फेकलं जातं, तेव्हा ते आतून बाहेर जाताना पिन आणि रोलरमधून जातं. बाहेरून लावलं तर थेट कव्हरवर. लोक रोलरच्या मधोमध धार सोडतात, तिथं तेल लागतं ते रोलर आणि दातापुरतं, पिनला काही मिळत नाही. तुमच्या साध्या चेनला कडेच्या फटी महत्त्वाच्या. कुठून सुरू केलं तिथं खडूनं खूण करा. लावून झालं की चाक हातानं वीसेक वेळा फिरवा, अर्धा तास थांबा, मग फडकं घेऊन बाहेरून पुसून काढा, बोट लावलं तर बोटाला जेमतेम तेलकट लागलं पाहिजे. हळहळू नका, वाया जात नाही ते, आतलं आतच राहतं.

तुमच्या गाडीला पूर्ण चेनकव्हर आहे ना, ते काढून टाकू नका. पोरं दिसायला बरं म्हणून काढतात आणि मग चेनसेट लवकर गेला म्हणून येतात, शिवाय मागं बसणाऱ्या बाईमाणसाचा पदर, ओढणी चेनमधे जायचा धोका वेगळाच. कव्हरला रबरी बूच असतं, ते काढून भोकातून सिरिंजनं तेल देता येतं, कित्येकांना ते बूच कशाला असतं हेच माहीत नसतं. पण कव्हरच्या आत मुरूम आणि चिखल साठतो, काळी माती वाळली की दगडासारखी होते आणि चेन रोज तिच्यावर घासत जाते, म्हणून दोन-तीन महिन्यांनी बोल्ट काढून कव्हरचा खालचा भाग उघडून खरवडून साफ करा.

आता ताण, ज्याच्याकडं तेलापेक्षाही जास्त दुर्लक्ष होतं. मला वाटतं तुमचा १२ हजारातला सेट जायला तेलाइतकाच ताणाचा हात असावा. खालच्या चेनच्या मधोमध बोटानं वर-खाली हलवून बघायचं, एकूण हालचाल किती ते स्टीलच्या पट्टीनं मोजायचं. १००-१२५ सीसीला साधारण २० ते ३० मिलिमीटर असते, पण तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमधे नाहीतर स्टिकरवर असतो तोच धरा, काही गाड्यांना जास्त लागते. एकाच जागी मोजून थांबू नका, चाक थोडं थोडं फिरवून चार-पाच ठिकाणी मोजा, झिजलेली चेन कुठं घट्ट कुठं सैल असते, तर जिथं सगळ्यात घट्ट तिथला आकडा धरायचा. सैल असली की लोकांना आवाज येतो म्हणून ते घट्ट करून घेतात, आणि मेस्त्रीपण गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून कचकचून घट्ट करून देतो. घट्ट चेन सैलपेक्षा वाईट. गाडी एकट्यानं उभी असताना चेन ठीक वाटते पण मागं माणूस बसला, किंवा युरियाची ४५ किलोची गोणी टाकली की शॉकअप दबतो, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म वर जातो आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्म जिथं बिजागरीसारखा फिरतो तो पिव्हट आणि मागच्या चाकाचा अ‍ॅक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. तेव्हा थोडी पण ढील राहिली नाही तर सगळा जोर पिन-बुशावर, गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर जातो. बेअरिंग गेलं तर इंजिन खोलावं लागतं, चेनसेटच्या कितीतरी पट खर्च. म्हणून ज्यांच्या गाडीवर रोज डबलसीट आणि ओझं असतं त्यांनी दिलेल्या आकड्यातली वरची बाजू धरावी.

ताण बदलताना मागच्या चाकाजवळचे दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवा, स्विंगआर्मवरच्या खुणा दोन्हीकडं सारख्या आल्या पाहिजेत, आणि शेवटी मागून एका डोळ्यानं चेनच्या रेषेत बघा, चेन सरळ दिसते का स्प्रॉकेटवर येताना कलते. अ‍ॅक्सलचा नट नीट आवळा, स्प्लिट पिन असेल तर परत घाला. ड्रम ब्रेकची गाडी असेल तर चाक मागं सरकलं की ब्रेकची दांडी पण ताणली जाते, ब्रेक परत सेट करावाच लागतो आणि मागचा ब्रेक लाईट लागतो का बघावा लागतो. हे विसरलं तर ब्रेक थोडा लागून राहतो, ड्रम तापतो, अ‍ॅव्हरेज पडतं आणि माणूस कारण इंजिनात शोधत बसतो.

पाण्याचं थोडक्यात. वॉशिंग सेंटरला प्रेशरचा पाईप थेट चेनवर मारू देऊ नका, साध्या चेनमधलं तेल निघून तिथं पाणी बसतं आणि ओ-रिंगच्या चेनमधे रिंगच्या फटीतून पाणी आत जातं. गाडी धुतली किंवा पावसात भिजून आलात की पाच मिनिटं चालवून, पुसून, त्याच संध्याकाळी तेल, किलोमीटर किती झाले ते बघू नका. ओल्या काळ्या मातीच्या थरावर तेल ओतून काही होत नाही, आधी माती गेली पाहिजे.

चेन गेली का अजून चालेल हे घरी बघता येतं. मागच्या स्प्रॉकेटवर अगदी मागच्या टोकाला चेन बोटानं धरून मागं ओढा, दाताची निम्म्याहून जास्त उंची उघडी दिसली तर चेन गेली. नीट मोजायचं तर चेन ताणून धरून २० कड्यांचं अंतर मोजा, एका पिनच्या मधोमधपासून (ती पहिली धरून) एकविसाव्या पिनच्या मधोमधपर्यंत, नव्या ४२८ ला २५४ मिलिमीटर येतं, २५७ च्या आसपास आलं की पैशाची तयारी ठेवा, २५९ ला बदलाच. दात वाकून आकड्यासारखे झाले असतील, किंवा पट्ट्यांच्या फटीतून गेरूच्या रंगाची लाल भुकटी येत असेल तर आत पिना कोरड्या घासताहेत. काही कड्या वाकल्या तर वाकलेल्याच राहतात, सरळ होत नाहीत, ते पण त्याचंच लक्षण.

ह्याच टप्प्यावर एक फसवणूक होते, अ‍ॅडजस्टर संपले म्हणून मेस्त्री एक जोड काढून चेन छोटी करून देतो आणि म्हणतो अजून पाच हजार चालेल. चेन छोटी झाली, पण प्रत्येक कडीतलं वाढलेलं अंतर तसंच राहिलं ना, ती दातावर बरोबर बसतच नाही, घसरते, आणि कधी उतरून चाकच जाम करते. नुसती चेन बदलून जुनी स्प्रॉकेट ठेवायची पण नाहीत, जुने दात नवी चेन लवकर खातात. पूर्ण सेट एकदम टाका आणि टाकताना मागच्या चाकाच्या हबातली रबरं दाबून बघा, ती चेपून सैल झाली असतील तर गाडी सोडता-धरताना झटके बसतात आणि ते झटके नव्या चेनवर जातात. सेट कंपनीच्या काउंटरवरून किंवा रोलॉन, डायमंडसारख्या नावाजलेल्या मेकचा, बिल घेऊन. चेनच्या पट्टीवर मेक आणि नंबर ठसलेला असतो तो वाचा, डुप्लिकेट माल मोंढ्यापासून जिल्ह्याच्या मार्केटपर्यंत सगळीकडं आहे आणि डबा अगदी सारखा दिसतो.

भावाच्या ३५० बद्दल. तिच्या पिना-बुशाचं ग्रीस रिंगांच्या आत बंद आहे, ते बाहेरून भरता येत नाही, म्हणून तिला तेल लागतं ते रोलर आणि दातासाठी, गंज न येण्यासाठी आणि रिंग मऊ राहण्यासाठी. "सीलबंद आहे, काही करायची गरज नाही" असं शोरूमवाल्यानं सांगितलं असेल तर ते अर्धवट आहे. ४००-५०० किलोमीटरला पुसून स्प्रेचा पातळ हात पुरे. धुवायला रॉकेल चालतं पण त्यात भिजवून ठेवायची नाही, ब्रश मऊ. रिंग कुठं तुटलेली, बाहेर लोंबलेली दिसली तर त्या जोडातलं ग्रीस गेलं, तिथूनच चेन जाणार हे धरून चाला. डबल स्टँड नसेल तर स्टँड भाड्यानं आणायची गरज नाही, गाडी हातानं पुढं ढकलत ढकलत तीन-चार टप्प्यांत काम होतं. आणि मागच्या डिस्कवर स्प्रेचा फवारा गेला नाही पाहिजे, पुठ्ठा आडवा धरा, डिस्कला तेल लागलं तर ब्रेकच लागत नाही.

तुमच्या नव्या सेटचं म्हणाल तर नव्या चेनवर कंपनीचं जे तेल-ग्रीस येतं ते धुऊन काढू नका, फक्त बाहेरचं जास्तीचं पुसा. पहिल्या ३००-५०० किलोमीटरनंतर ताण एकदा बघाच, नवा सेट बसताना थोडा सैल होतो, मग लवकर बदलत नाही. चेनची दोन टोकं जोडणाऱ्या चेनलॉकची क्लिप बघा, तिची बंद बाजू चेन ज्या दिशेनं पळते त्या दिशेला पाहिजे, म्हणजे वरच्या चेनवर लॉक असताना बंद बाजू पुढच्या चाकाकडं. उलटी बसवली असेल तर दगड-माती लागून क्लिप उडते, हे आजच बघून घ्या.

आणि जुना सेट अजून गॅरेजवाल्याकडं पडला असेल तर मागून आणा आणि दोन्ही स्प्रॉकेटचे दात कडेनं बघा. दात चाकाकडच्या आणि बाहेरच्या अशा दोन्ही बाजूंनी सारखे झिजले असतील तर धूळ आणि तेलाचं कारण, वर सांगितलं तसं चालू ठेवा. पण दाताची चाकाकडची किंवा बाहेरची अशी एकच बाजू चकाकत असेल, घासून पातळ झाली असेल, तर तुमचं मागचं चाक तिरकं बसलंय, आणि मग तेल कोणतंही वापरा, हा सेट पण तेवढ्यातच जाईल. तसं दिसलं तर नवीन चेन चालवायच्या आधी चाकाची लाईन करून घ्या, आणि मेस्त्रीला फक्त खुणा बघून सोडू देऊ नका, दोरी लावून बघायला सांगा, स्विंगआर्मवरच्या खुणा प्रत्येक गाडीला अचूक असतातच असं नाही.